तयार कविसंमेलनाचं पॅकेज: आवाज उत्तम, सातवी अट मात्र खोडूनच घ्यावी

गणेशोत्सव, ग्रंथालयाचा वर्धापनदिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, शाळेचा सुवर्णमहोत्सव. अशा दिवसांसाठी रत्नागिरी-सिंधुदुर्गात आता तयार कविसंमेलन मिळतं. कवी, निवेदक, माइक, बॅनर, सगळं एकाच माणसाकडून. त्यातल्या एका सेवेची ही पाहणी. नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण तक्रार त्या माणसाबद्दल नसून त्याच्या करारपत्रातल्या सातव्या अटीबद्दल आहे, राजकीय कविता नकोत म्हणणाऱ्या. बाकी काम नीटनेटकं आहे, तेव्हा आधी तेच सांगू.

पॅकेजमध्ये सहा कवी, एक निवेदक, अडीच तासांचा कार्यक्रम, ध्वनिव्यवस्था आणि दहा बाय चारचा फ्लेक्स येतो. कवींचं मानधन आणि प्रवास त्यातच धरलेला असतो. हार, शाल-श्रीफळ, जेवण आणि मंडप मंडळाचा. निम्मी रक्कम ठरवताना, उरलेली कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री. कवींचे पैसे त्याच रात्री पाकिटातून दिले जातात, हे आवर्जून सांगायला हवं. 'नंतर पाठवतो' म्हणून कवीला रात्रीच्या शेवटच्या एसटीत बसवायची आपल्याकडची जुनी वाईट खोड इथे नाही.

ध्वनिव्यवस्थेत स्टँडवरचे दोन बारा इंची स्पीकर, म्हणजे टॉप, छोटा मिक्सर, दोन वायरचे माइक आणि एक कॉर्डलेस. तीनशे माणसांच्या मंडपाला हे पुरतं. बेसचे डबे आणत नाहीत, हे उत्तमच. कवितेला बेस लागत नाही. तो असला की 'प', 'भ', 'ध' ही अक्षरं माइकवर आपटतात आणि ओळीचा शेवट गिळला जातो. टॉप कवीच्या पुढे, दोन्ही कोपऱ्यांना, तोंड श्रोत्यांकडे करून ठेवतात. जागा कमी म्हणून ते कवीच्या मागे गेले, तर स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी येते. मग साउंडवाला आवाज कमी करतो आणि मागच्या रांगा उठायला लागतात. माइक तोंडापासून चार बोटं, किंचित बाजूला. समुद्राकाठच्या गावात माइकवर स्पंजची टोपी हवीच, नाहीतर संध्याकाळच्या वाऱ्याची घरघर आधी ऐकू येते आणि कविता नंतर.

खरी अडचण भाद्रपदातल्या पावसाची. पत्र्यावर सर सुरू झाली की आवाज वाढवून काही होत नाही, कारण पत्र्याचा सळसळाट नेमका 'स', 'श', 'त', 'क' या व्यंजनांना झाकतो. स्वर ऐकू येतात, शब्द कळत नाहीत. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून कापडाचं छत बांधलं तर बराच फरक पडतो. नाहीच जमलं तर सर ओसरेपर्यंत पाच-सात मिनिटं थांबावं. या सेवेचा निवेदक थांबतो, मध्ये चुटके सांगून वेळ मारून नेत नाही. वीज गेल्यास जनरेटर मंडळाचा. बोलण्यापुरत्या आवाजाला छोटा पुरतो, पण तो मंडपापासून लांब आणि वारा मंडपाकडून ज्या बाजूला जातो तिकडे ठेवावा.

वेळेचं गणित साधं आहे. सहा कवी, प्रत्येकी सात मिनिटं, दोन फेऱ्या म्हणजे ८४ मिनिटं. निवेदन प्रत्येक वेळी दोन मिनिटं, एकूण २४. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक आणि सत्कार मिळून २५. साडेसातला सुरू झालेला कार्यक्रम पावणेदहाला सहज आटोपतो. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम तसे सांगतात. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण आपला दिवस त्यात आहे का, हे पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्यावं. गणित बिघडतं ते एकाच ठिकाणी, प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात. पाच मिनिटांची चाळीस झाली की दुसऱ्या फेरीत प्रत्येकाची एकच कविता उरते, आणि कवी जिची तयारी करून आलेला असतो तीच राहून जाते.

आता सातव्या अटीकडे. शब्द असे आहेत: 'कवींनी राजकीय अथवा वादग्रस्त विषयावरील कविता सादर करू नयेत. कविता आठ दिवस आधी व्हॉट्सॲपवर मंजुरीसाठी पाठवाव्यात.'

प्रत्यक्षात होतं ते असं. कवी वहीच्या पानांचे फोटो पाठवतो. चालवणारा ते बघतो आणि फोटोवरच बोटाने रेघ मारून परत पाठवतो. हिरवी म्हणजे चालेल, लाल म्हणजे वगळा. लाल रेघ कुठे बसते हे दहा-बारा कविता पाहिल्या की कळतं. मत, खुर्ची, सरकार, जात, प्रकल्प, दलाल, सातबारा. कविता वाचलेली नसते, शब्द वेचलेले असतात. एका कवितेत चार कडवी होती. पहिल्यात बंद घरासमोरची वाळलेली तुळस, दुसऱ्यात न उपसलेली विहीर, तिसऱ्यात सातबाऱ्यावरची सतरा नावं आणि जमीन बघायला आलेला दलाल, चौथ्यात 'किल्ली कुणाच्या खिशात' हा प्रश्न. तिसऱ्यावर लाल रेघ. उरलेली तीन कडवी वाचली की ती किल्ली कुठून आली, तेच कळत नाही. चाकरमान्याच्या आठवणींची एक गोड कविता उरते, आणि तशा कविता आपल्याकडे ढिगाने आहेत.

ही काही एका कडव्यापुरती गोष्ट नाही. ज्या कवींच्या जोरावर गावोगावी कविता ऐकायची सवय लागली, ते विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर. त्यातले दोघे याच मातीतले. विंदा देवगड तालुक्यातल्या धालवलीचे, पाडगावकर वेंगुर्ल्याचे. या तिघांच्या वाचनाला सातवी अट लावून पाहावी. विंदांची 'सब घोडे बारा टक्के' गेली. बापट १९४२च्या आंदोलनात तुरुंगात गेलेले, राष्ट्र सेवा दलासाठी गाणी लिहिणारे. त्यांचं निम्मं पुडकं बाजूला ठेवावं लागेल. पाडगावकर तर या पॅकेजचे लाडके, पाऊस आणि प्रेम त्यांच्याशिवाय पुरं होत नाही. पण त्यांचीच 'सलाम' आहे, त्याच नावाच्या संग्रहातली. तो संग्रह १९७८चा, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला. प्रेमगीतं लिहिणारा एक पाडगावकर आणि 'सलाम' लिहिणारा दुसरा, असे दोन नव्हते. प्रेमाच्या कवितेत जो कान नेमका शब्द पकडतो, त्याच कानाने भीतीतून निघालेला 'सलाम' पकडला.

ती कविता मंचावर वाचणं अवघड का आहे, हेही सांगायला हवं, कारण राजकीय कविता म्हणजे घोषणा असा समज तिथेच मोडतो. एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो. प्रत्येक वेळी तो त्याच पट्टीत म्हटला तर दुसऱ्या मिनिटाला श्रोते कंटाळतात. चढवत नेला तर पुढाऱ्याच्या भाषणासारखा वाटतो. तो खाली आणत न्यावा लागतो. कणा वाकत चालल्यासारखा. ऐकणाऱ्याला आपणही हा शब्द कालच म्हटलाय, हे आठवायला हवं. यातून राजकारण काढून टाकलं तर मागे काय राहतं? काहीच नाही. इथे विषय आणि घडण वेगळे काढताच येत नाहीत.

अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' घ्या. मुंबईला आलेला गडी आणि गावी राहिलेली त्याची मैना, इथे ही छक्कड, म्हणजे लावणीच्या चालीचं गाणं, सुरू होते. पुढे तीच ताटातूट संयुक्त महाराष्ट्राची होते, बेळगाव-कारवार तुटल्याची होते. कोकणातल्या गिरणी कामगाराला यातलं प्रेम कुठे संपलं आणि राजकारण कुठे सुरू झालं, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याची बायको खरोखरच गावी होती.

इथल्या मातीत काही शब्दच असे आहेत की ते उच्चारले की इतिहास सोबत येतो. महाडमध्ये बसून 'पाणी' हा शब्द लिहिणाऱ्याला २० मार्च १९२७चं चवदार तळं आठवलं नाही, तर तो डोळे मिटून लिहितोय. 'खोत', म्हणजे कोकणात गावाचा सारा वसूल करणारा वतनदार, हा शब्द घालून कविता लिहा, डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं होतं, तो झगडा त्या दोन अक्षरांत आहे. आज 'समुद्र' लिहिला तर पर्ससीनची अवाढव्य जाळी आणि मासे ओढणारे एलईडीचे दिवे, यांवरून पेटलेला वाद लांब राहत नाही. ही वळणं कवीने मुद्दाम घेतलेली नसतात.

बरं, अट लावणाऱ्याला 'राजकीय' म्हणजे काय हे तरी पक्कं सांगता येतं का? केसरीच्या १५ जून १८९७च्या अंकात 'शिवाजीचे उद्गार' ही कविता छापून आली. महाराज जागे होऊन आपल्या मुलखाची दशा पाहतात, असा तिचा घाट. रत्नागिरीच्या टिळक आळीत जन्मलेल्या लोकमान्यांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला, त्यात ही कविता पुरावा म्हणून होती. सहा युरोपियन ज्यूरर दोषी म्हणाले, तीन हिंदी निर्दोष म्हणाले, आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. १९०९ साली बाबाराव सावरकरांना कविता छापून प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेप झाली, काळ्या पाण्याची. त्या कविता आज कुणी या सेवेकडे पाठवल्या तर हिरवी रेघ मिळेल, 'ऐतिहासिक, देशभक्तिपर' म्हणून. म्हणजे अट राजकारण ओळखत नाही. ती फक्त आज ज्याची भीती वाटते ते ओळखते.

मालगुंडचे केशवसुत घ्या. 'तुतारी' पाठ्यपुस्तकांतून सगळ्यांना पाठ, ती कुठेही चालते. पण त्यांनीच १८८८ साली 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' लिहिली आणि पुढच्याच वर्षी 'मजुरावर उपासमारीची पाळी'. आधुनिक मराठी कविता ज्याच्यापासून मोजायची, त्याच्या पहिल्या दशकातच या कविता आहेत. नुसतं शीर्षक पाठवलं तरी लाल रेघ येईल.

सगळ्यात खटकणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि करार वाचताना ती सहज निसटते. पॅकेजमध्ये 'स्वागतकाव्य' नावाची एक सोय आहे. प्रमुख पाहुण्यांचं नाव, पद आणि चार कामं कळवली की त्यांच्यावर आठ ओळी रचून निवेदक म्हणतो. पाहुणे बहुतेक वेळा सरपंच, जिल्हा परिषद सदस्य, नाहीतर आमदार. फ्लेक्सवर डाव्या बाजूला गणपती, उजव्या बाजूला साहेबांचा हसरा फोटो, आणि कवी उभा राहतो तो नेमका त्या फोटोखाली. रस्ता केल्याबद्दल आठ ओळी चालतात. तोच रस्ता पहिल्या पावसात वाहून गेल्याच्या आठ ओळी मात्र 'राजकीय' ठरतात. म्हणजे या कार्यक्रमातून राजकारण वगळलेलं नाही. त्यातली एकच बाजू ठेवलेली आहे, आणि जी ठेवली तिला कार्यक्रमपत्रिकेत 'स्वागत' म्हटलंय. कवितेचं राजकारणापासून रक्षण करायचं म्हणून जी अट घातली, तिनेच कवितेला सत्तेच्या दारात नेऊन उभं केलं.

आणि याच मंडपात दुसऱ्या रात्री शक्ती-तुरा असतो, शाहिरांच्या दोन पक्षांचा गाण्यांतला सामना. गण होतो, गवळण होते, मग शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांवर सवाल टाकतात, आणि मध्येच शाहीर महामार्गावर, रेशनवर, टँकरवर एक गाणं सोडतो. पुढच्या रांगेत सरपंच बसलेला असतो, तोही हसतो, माणसं पैसे लावतात, घुंगरं पहाटेपर्यंत वाजतात. शाहिराकडून कुणी आठ दिवस आधी वही मागवत नाही. कोकणी श्रोत्याला राजकारणाचं गाणं झेपत नाही, हे म्हणणं म्हणूनच टिकत नाही. त्याला पिढ्यान् पिढ्या झेपत आलंय.

मंडळांची भीती खोटी नाही, हेही तितकंच खरं. गावात दोन गट असतात, वर्गणी दोघांकडून आलेली असते. वाईट राजकीय कविता खरोखर कार्यक्रम बिघडवते. पुढाऱ्याच्या नावाशी यमक जुळवलेली, निवडणुकीतला विनोद चार ओळींत तोडून ठेवलेली, टाळ्या पक्षाला मिळतात आणि कवीला वाटतं आपल्याला मिळाल्या. पण तिथे दोष राजकारणाचा नसतो, लिहिण्याचा असतो. अशी कविता ओळखायला एक सोपी रीत आहे: तिच्यातलं नाव काढून दुसऱ्या गावच्या पुढाऱ्याचं घालावं. काही बिघडलं नाही, तर ती कविता त्या माणसाबद्दलही नव्हती आणि सत्तेबद्दलही नव्हती. वर्षभराने तीच वाचून पाहावी. संदर्भ समजावून सांगावा लागला तर ती बातमी होती. सुमार प्रेमकविताही सुमारच असते, पण तिच्यासाठी कुणी करारात अट घालत नाही.

आणि प्रत्येक कवितेने राजकारणाला हात घातलाच पाहिजे, असंही नाही. आरती प्रभूंच्या कवितेत ते शोधत बसणं म्हणजे त्या कवितेवर अन्याय. ज्याला काळोखाबद्दल लिहायचंय त्याला महागाई लिहायला लावू नये. कवीला कुठल्याही बाजूने हुकूम नको, एवढंच.

गुन्हा दाखल होईल, ही धास्ती कुणाला असेल तर अलीकडचा एक निकाल माहीत असावा. खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून गुजरातमध्ये दाखल झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी रद्द केला. न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने सांगितलं की शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसाच्या मापाने पाहायचा. ज्याला प्रत्येक टीकेत धोका दिसतो अशा डळमळीत मनाच्या मापाने नाही. मंडळानेही हेच माप वापरावं. निवडणूक आचारसंहिता लागू असेल तर पहिली अडचण मंचावरचा उमेदवार आणि मागचा त्याचा फोटो ही असते. कविता त्यानंतर.

सेवा घ्यावी का? घ्यावी. ध्वनीला पाचपैकी साडेचार, वेळ पाळण्याला चार, पैशांच्या व्यवहाराला पाच, निवेदनाला साडेतीन. कवींच्या निवडीला तीनच, कारण सहापैकी चार नेहमीचेच, आणि मालवणी किंवा आगरीत लिहिणारा एकही नाही. सातव्या अटीला शून्य.

ठरवताना ती अट खोडायला सांगावी. चालवणारा ऐकतो, अट भीतीपोटी आलेली आहे, हट्टापोटी नाही. तिच्या जागी असं लिहून घ्यावं: 'कोणत्याही पक्षाला वा उमेदवाराला मत द्या किंवा देऊ नका असं आवाहन, कुणाच्या खासगी आयुष्यावर नावानिशी आरोप, आणि जात, धर्म वा स्त्रियांची टवाळी मंचावरून होणार नाही. बाकी कवितेची निवड कवीची.' मजकूर आधी मागवायचा असेल तर फक्त शीर्षकं आणि लागणारा वेळ मागवावा, म्हणजे निवेदकाला क्रम लावता येतो. क्रम लावताना दोन जड कविता लागोपाठ येऊ देऊ नयेत, आणि 'सलाम'सारखी कविता शेवटून दुसरी ठेवावी. शेवटी ठेवली तर आभारप्रदर्शनात विरून जाते. स्वागतकाव्य नको म्हणून सांगावं, तेवढीच चार मिनिटं वाचतात. फ्लेक्सवर फक्त कवींची नावं आणि गावं छापावीत. पाहुण्यांचं भाषण पहिल्या फेरीनंतर ठेवावं आणि पाच मिनिटांचं बंधन निमंत्रणपत्रातच घालावं. हे सगळं करारपत्रावर पेनाने लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, त्याचा फोटो सहाही कवींना पाठवावा, आणि मगच निम्मी रक्कम द्यावी.